सहा टिंबांची लेखणी



स्मरणिकेच्या संपादक मंडळानं लेखांसाठी जी विषयांची यादी पाठवली, तिच्यात ‘माझी आवडती थोर व्यक्ती’ हा आपला जुना ओळखीचा विषय होता. सहामाही आणि वार्षिक धरून या विषयावर आपण किती निबंध लिहिले असतील, त्याची मोजदाद नाही. मी गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आहे, तेव्हा मी संगणकाच्या कुठल्यातरी जनकावर लिहीन असं काहींना वाटलं असेल. पण मला लिहायचं आहे ते फ्रान्समधल्या एका खोगीर शिवणाऱ्याच्या मुलाबद्दल, लुई ब्रेलबद्दल.

लुई ब्रेल अंध होता आणि त्यानं अंधांसाठी लिपी तयार केली, एवढं आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे. अंधांना वाचता यावं म्हणून ही लिपी झाली, असं आपण धरून चालतो. ते खरं आहे, पण अर्धंच. ब्रेलच्या आधीही काही अंध मुलं वाचत होती, अडखळत का होईना. त्यांना येत नव्हतं ते लिहिणं. ज्याला स्वतःच्या हातानं लिहिता येत नाही, त्याला हिशेब ठेवायला, टिपण काढायला, साधं घरी पत्र पाठवायलाही दुसरा माणूस लागतो. अशा माणसाला कामावर कोण ठेवणार? लुई ब्रेलनं अंध माणसाच्या हातात लेखणी दिली आणि त्या लेखणीच्या मागोमाग रोजगार आला. त्याचं चरित्र मी या बाजूनं सांगणार आहे.

कुपव्रेचा मुलगा

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा. पॅरिसच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर कुपव्रे नावाचं खेडं आहे, तिथला. वडील सिमों रेने हे घोड्यांची खोगिरं, लगाम आणि चामड्याचं इतर सामान बनवत. चार भावंडांत लुई सगळ्यांत धाकटा. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या जागी खेळता खेळता त्यानं एक अणकुचीदार हत्यार उचललं. बहुतेक चरित्रकार सांगतात की ती चामड्याला भोकं पाडायची आरी होती. वडिलांसारखी ती चामड्यात खुपसायला गेला आणि हात निसटून ती डोळ्यात गेली. जंतुसंसर्ग म्हणजे काय हेच त्या काळच्या वैद्यांना ठाऊक नव्हतं. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत लुईची दृष्टी पूर्ण गेली.

ते नेपोलियनच्या पराभवाचे दिवस होते. १८१४ पासून पुढची दोनेक वर्षं परक्या फौजांचे सैनिक कुपव्रेतल्या घराघरांत मुक्कामाला होते आणि त्यांचं खाणंपिणं गावाच्या माथी होतं. खेड्यातल्या गरीब अंध मुलाच्या नशिबी त्या काळी बहुधा भीकच असे. पण ब्रेल कुटुंबानं या मुलाला कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली आणि घरच्या कामाला हात लावायला शिकवलं. लाकडी फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकारही त्यांनीच ओळखायला शिकवले, असं सांगतात. गावचे धर्मगुरू पाल्वी यांनी त्याची शिकवणी घेतली आणि गावच्या शाळामास्तरांना, बेशरे यांना, गळ घालून त्याला शाळेत बसवलं. डोळस मुलांच्या वर्गात लुई नुसता ऐकून पुढे गेला. आज आपण ज्याला सर्वसमावेशक शिक्षण म्हणतो, ते एका खेड्यातल्या मास्तरांनी दोनशे वर्षांपूर्वी कुठल्याही परिपत्रकाविना करून दाखवलं होतं. आपल्या गुरुजनांना चरित्रातला हा भाग विशेष आवडेल असं मला वाटतं.

पण नुसतं ऐकून किती दिवस शिकणार? पाल्वींच्या खटपटीनं आणि गावच्या जहागीरदारांच्या शिफारशीनं लुईला पॅरिसच्या राजकीय अंधशाळेत जागा मिळाली. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी तो तिथे दाखल झाला, तेव्हा त्याचं वय होतं दहा.

पॅरिसची शाळा

ही शाळा काढली व्हॅलेंटिन आउई या गृहस्थानं. १७७१ मध्ये पॅरिसच्या एका जत्रेत त्यानं एक प्रकार पाहिला. काही अंध माणसांना विदूषकी टोप्या आणि खोटे चष्मे घालून, पुढ्यात संगीताचे कागद मांडून, वाद्यं वाजवायला बसवलं होतं. ते बेसूर वाजवत होते आणि लोक पोट धरून हसत होते. आउईच्या मनात ते रुतून बसलं. पुढे १७८४ मध्ये चर्चच्या दाराशी भीक मागणाऱ्या फ्रांस्वा लेझ्युर नावाच्या अंध तरुणाला त्यानं शिकवायला घेतलं. शिकायला बसल्यामुळे भिकेचं जे उत्पन्न बुडेल, ते भरून द्यायचं आउईनं कबूल केलं. शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे यापेक्षा नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

आउईची वाचनाची पद्धत अशी: नेहमीचीच रोमन अक्षरं, पण मोठी, ओल्या जाड कागदावर छापखान्याचे खिळे दाबून उठवलेली. मुलांनी बोटांनी चाचपून अक्षराचा आकार ओळखायचा. डोळ्याला ती अक्षरं सुबक दिसत. बोटाला मात्र एकेक वळण शोधावं लागे आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होई. पुस्तकं अवजड आणि महाग, त्यामुळे शाळेत ती मोजकीच होती. आणि लिहिण्याचं काय? त्या पद्धतीत लिहायचं म्हणजे छापखानाच हवा. मुलांनी वाचायचं, लिहायचं शिक्षकांनी, अशी ती विभागणी होती.

शाळेची इमारत जुनी, दमट आणि कोंदट होती. मुलं सकाळी शिकत आणि बाकी वेळ कामशाळेत विणकाम, टोपल्या, कापडी सपाता असलं काम करत. लुई हुशार होता. लहान वयातच सपातांच्या कामशाळेत देखरेखीचं काम त्याच्याकडे आलं. पियानो आणि ऑर्गनही तो मन लावून शिकला. अंध मुलाला शाळा सोडल्यावर जगायला उपयोगी पडेल अशा तेव्हाच्या कौशल्यांत हात आणि कान या दोघांचीच गणना होती. बुद्धीचं काम त्यांना देता येईल, असं फार थोड्यांना वाटत होतं.

बारा टिंबांची सहा झाली

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिये हा फौजेतला माजी अधिकारी आपली एक पद्धत घेऊन या शाळेत आला. जलद आणि गुप्त लेखनाच्या युक्त्या शोधायचा त्याला नाद होता. त्याच्या पद्धतीत अक्षरं नव्हतीच. कागदावर टोचणीनं उठवलेली टिंबं होती, दोन उभ्या ओळींत, प्रत्येक ओळीत सहापर्यंत. टिंबांच्या संख्येवरून उच्चार ओळखायचा. मुलांच्या बोटांना टिंबं लगेच कळली. आणखी मोठी गोष्ट म्हणजे टोचणी आणि खाचा असलेली पट्टी हातात असली की कुणालाही लिहिता येत होतं.

पण वापरायला घेतल्यावर अडचणी दिसल्या. बार्बियेची चिन्हं उच्चाराची होती, त्यामुळे शुद्धलेखन कळायची सोय नव्हती. विरामचिन्हं, अंक, संगीत यांना जागा नव्हती. आणि बारा टिंबांचं चिन्ह इतकं उंच होई की बोट एका जागी ठेवून ते कळत नसे, वर-खाली फिरवावं लागे. बारा-तेरा वर्षांच्या लुईनं या त्रुटी हेरल्या. बार्बिये हा वयानं आणि मानानं मोठा माणूस, त्याला आपल्या पद्धतीत मोठे बदल नको होते. लुईनं मग स्वतःच काम हाती घेतलं. रात्री वसतिगृहात आणि सुट्टीत कुपव्रेला गेल्यावर टोचणी घेऊन तो प्रयोग करत राहिला. १८२४ पर्यंत, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची पद्धत आकाराला आली होती.

आता माझ्यातली इंजिनिअर बोलते, थोडं सहन करा. लुईनं बारा टिंबांची सहा केली. दोन ओळी, प्रत्येकी तीन. एवढा आकार बोटाच्या पेराखाली एका स्पर्शात मावतो. प्रत्येक जागी टिंब आहे किंवा नाही, एवढीच दोन उत्तरं. म्हणजे एकूण ६४ शक्यता, आणि पूर्ण कोरी जागा वगळली तर ६३ चिन्हं. त्यांची मांडणीही पाठ करायला सोपी. पहिली दहा अक्षरं फक्त वरच्या चार टिंबांत बसवली. पुढची दहा म्हणजे तीच, खालचं डावं टिंब वाढवून. त्यापुढची, खालची दोन्ही टिंबं वाढवून. अंकांसाठी वेगळी चिन्हं नकोत. पहिल्या दहा अक्षरांच्या आधी एक खूण टाकली की तेच अंक. संगीतासाठीही हीच ६३ चिन्हं, निराळ्या अर्थानं. आहे-नाही अशा दोनच खुणांवर चालणारा पाच घटकांचा कोड एमिल बोदो या दुसऱ्या फ्रेंच माणसानं टेलिग्राफसाठी १८७४ मध्ये पेटंट केला आणि संगणकाची अक्षरं त्याच वाटेनं आली. लुईचा कोड त्याच्या पन्नास वर्षं आधीचा.

पण मला त्याच्या गणितापेक्षा त्याच्या रीतीचं जास्त कौतुक आहे. आउई आणि बार्बिये दोघेही भल्या मनाची माणसं होती, पण दोघेही डोळस. आउईनं डोळ्याला दिसणारं अक्षर बोटाला द्यायचा प्रयत्न केला. लुईनं बोटाला काय जमतं इथूनच सुरुवात केली, कारण ते बोट त्याचं स्वतःचं होतं. एखादी वस्तू ज्याच्यासाठी करायची, त्याला ती करतानाच सोबत घ्या, हे आमच्या धंद्यात हल्ली कार्यशाळा घेऊन शिकवावं लागतं.

१८२९ मध्ये लुईनं शब्द आणि संगीत टिंबांनी लिहिण्याची ही पद्धत पुस्तकरूपानं मांडली. गंमत अशी की पुस्तक उठावाच्या रोमन अक्षरांतच छापावं लागलं, कारण शाळेच्या छापखान्याला तेवढंच येत होतं. या कामाची पहिली कल्पना बार्बियेची, हे लुईनं त्यात मोकळेपणानं नोंदवलं. १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यानं टिंबांसोबत काही ठिकाणी वापरलेल्या आडव्या रेघा काढून टाकल्या, कारण त्या बोटाला नीट कळत नव्हत्या. आज जगभर चालते ती मुख्यतः ही सुधारलेली आवृत्ती.

लिहिणं किती महत्त्वाचं, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आपण नववीत असताना मी दहावीला बसलेल्या एका अंध मुलीची लेखनिक म्हणून पेपर लिहायला गेले होते. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून आपल्या वर्गातून नावं मागवली होती, काहींना आठवत असेल. मराठीच्या पेपरला ती निबंध सांगत होती. मध्येच थांबून अमुक शब्दातली वेलांटी दुसरी, तमुक शब्दात अनुस्वार, असंही सांगे. ब्रेलमधून शिकल्यामुळे प्रत्येक शब्द तिला अक्षरागणिक माहीत होता. तीन तास संपल्यावर तिनं उत्तरपत्रिकेच्या पानावरून हात फिरवला. पान गुळगुळीत होतं. निबंध तिचा, अक्षर माझं, आणि मी काय लिहिलं आहे हे तपासायचा तिच्याकडे काही मार्ग नव्हता. ब्रेल पाटी आणि टोचणीनं तिनं तोच निबंध लिहिला असता, तर तो वाचून तिला खाडाखोड करता आली असती. लुई ब्रेलनं नेमकी ही सोय केली.

मास्तर आणि ऑर्गनवादक

ही लेखणी हाती आल्यावर काय झालं, याचं पहिलं उदाहरण लुई स्वतःच. १८२८ मध्ये तो त्याच शाळेत सहायक शिक्षक झाला आणि १८३३ मध्ये पूर्ण शिक्षक. त्याच्यासोबत त्याचे दोन अंध मित्र, गोतिये आणि कोल्ता, हेही शिक्षक झाले. अंध मुलांना अंध शिक्षकानं, आपल्या हातानं काढलेल्या टिपणांवरून शिकवणं शक्य झालं. लुई व्याकरण, इतिहास, भूगोल, गणित आणि संगीत शिकवत असे. शांत स्वभावाचा, मुलांवर न ओरडणारा मास्तर म्हणून त्याची ख्याती होती. शिवाय पॅरिसच्या चर्चमध्ये तो ऑर्गन वाजवत असे आणि त्याचा पगारही मिळवत असे. अंध वादक त्याच्याआधीही होते, पण नवी रचना शिकायची तर कुणीतरी ती सूर-सूर सांगावी लागे. टिंबांतलं संगीत आल्यावर वादक ती आपली आपण वाचून बसवू लागला.

त्याच शाळेतल्या क्लोद मोंताल या अंध विद्यार्थ्यानं आणखी एक दार उघडलं. हा मुलगा पुढे तिथेच शिक्षक झाला. पियानो सुरात लावण्याची कला त्यानं स्वतःच्या हिकमतीवर शिकून घेतली. अंध माणसाला हे जमणार नाही, असं जाणकार म्हणत होते. मोंतालनं शाळा सोडून पॅरिसमध्ये तो व्यवसाय केला, १८३६ मध्ये पियानो सुरात लावण्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे पियानो बनवण्याचा कारखानाही काढला. युरोपात अंधांचा हा एक हक्काचा व्यवसाय झाला, त्याची सुरुवात इथली. शाळेनं शिकवलेल्या सपातांपेक्षा या कामाला पैसा आणि मान दोन्ही जास्त होते.

१८३५ च्या सुमारास लुईला क्षयाची लक्षणं दिसू लागली. त्या दमट इमारतीत अनेक मुलं आजारी पडत, त्यालाही तिथेच लागण झाली असावी. तरी काम थांबलं नाही. त्याच्या लिपीत एक उणीव उरली होती. अंध माणूस अंध माणसाला लिहू शकत होता, पण घरी आईला पत्र लिहायचं तर आईला टिंबं कुठे येत होती? १८३९ मध्ये लुईनं दुसरी पद्धत मांडली. तीत टिंबांनीच, पण नेहमीच्या अक्षरांचे आकार काढायचे, म्हणजे डोळस माणसाला ते सरळ वाचता येईल. त्यासाठी एकेका टिंबाची जागा पाठ ठेवून टोचत बसावं लागे. मग फुको नावाच्या त्याच्या अंध मित्रानं १८४१ मध्ये यंत्रच बनवलं. एका कळीला एक टोचणी, आणि कळी दाबली की टिंब उमटायचं. आपल्या पिढीच्या गुणपत्रिका आणि रेल्वेची तिकिटं ज्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर करकर करत छापली जायची, त्याचं तत्त्व हेच. दोन अंध मित्रांनी ते टंकलेखन यंत्रं बाजारात येण्याच्या कितीतरी आधी हातानं चालवून दाखवलं होतं.

बंदी आणि मान्यता

इतकं सगळं झाल्यावर शाळेनं ही लिपी डोक्यावर घेतली असेल असं वाटेल. झालं उलटंच. लुईच्या पाठीशी असणारे संचालक पिन्ये यांना १८४० मध्ये जावं लागलं आणि द्युफो हे संचालक झाले. त्यांना टिंबं पसंत नव्हती. डोळसांना न कळणारी लिपी दिली तर अंध मुलं समाजापासून तुटतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी उठावाची रोमन अक्षरं पुन्हा आणली आणि टिंबांना शाळेत बंदी झाली. द्युफोंना खलनायक ठरवायची मला घाई नाही. सगळ्यांनी एकच लिपी वापरावी, हा विचार ऐकायला उदारच वाटतो. पण या एकीची सगळी किंमत अंध मुलांनी मोजायची होती, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मुलांनी उत्तर दिलं ते वापरून. ती चोरून टिंबं लिहीत राहिली, एकमेकांना शिकवत राहिली. द्युफोंचे साहाय्यक ग्वादे यांना हे दिसत होतं आणि त्यांनी वरिष्ठांचं मन वळवलं. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, तेव्हा ग्वादे यांनी जमलेल्या मंडळींसमोर लुईच्या लिपीची माहिती दिली. एका विद्यार्थ्याला मजकूर सांगून लिहायला लावला आणि तो सांगताना तिथे नसलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्यानं तो वाचून दाखवला, असं सांगतात. बंदी उठली. लुई तेव्हा ३५ वर्षांचा होता आणि त्याची प्रकृती पार ढासळली होती.

६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, लुई ब्रेल गेला. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही. त्याच्या मागे एक पेटी राहिली, ती न उघडता जाळावी अशी त्याची इच्छा होती. मित्रांना राहवलं नाही. उघडली तर आत विद्यार्थ्यांना आणि गरजूंना वेळोवेळी दिलेल्या उसन्या पैशांच्या चिठ्ठ्या होत्या, असं त्याचे मित्र सांगत. कुणालाही ते पैसे फेडावे लागू नयेत म्हणून त्या जाळायच्या होत्या.

फ्रान्समध्ये त्याच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये. १८७८ च्या पॅरिस परिषदेनं ती इतर देशांना सुचवली. अमेरिकेत टिंबांच्या दोन-तीन निरनिराळ्या पद्धतींचं भांडण १९१६ च्या पुढेमागे मिटलं. १९५२ मध्ये, शंभराव्या पुण्यतिथीच्या वर्षी, त्याचे अवशेष पॅरिसच्या पॅन्थिऑनमध्ये हलवले, जिथे फ्रान्सचे थोर लोक विसावले आहेत. त्या सोहळ्याला हेलन केलर आवर्जून हजर होत्या. कुपव्रेच्या लोकांनी मात्र आपल्या लुईचे हात गावातच ठेवून घेतले.

मराठीतली टिंबं

आपल्याकडे टिंबं आली ती मिशनरी आणि समाजसेवकांच्या शाळांतून, आणि प्रत्येकानं आपापली पद्धत बसवली. एका भागातलं ब्रेल पुस्तक दुसऱ्या भागात वाचता येईना. स्वातंत्र्यानंतर युनेस्कोच्या मदतीनं या पद्धती एकत्र आणल्या आणि १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. तिचं सूत्र असं की एक उच्चार, एक चिन्ह, मग भाषा मराठी असो की तमिळ. शक्य तिथे ते चिन्ह इंग्रजीशीही जुळवलं. ‘क’ म्हणजे इंग्रजी ‘के’चीच टिंबं. मला तिच्यातली वेलांटी फार आवडते. छापील मराठीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतो आणि उच्चारतो नंतर. ब्रेलमध्ये ती उच्चाराच्या क्रमानंच, अक्षराच्या नंतर येते. १९५२ मध्ये, म्हणजे लुईच्या शताब्दीच्याच वर्षी, मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था उभी राहिली आणि ब्रेल पुस्तकांच्या आणि रोजगाराच्या कामाला आपल्याकडे बळ आलं.

रोजगाराचं चित्र आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. आपल्या लहानपणी सरकारी कचेऱ्यांतल्या वेताच्या खुर्च्या विणायला अंध कारागीर येत. पुढे बँकांत आणि कार्यालयांत टेलिफोन ऑपरेटरच्या जागा त्यांना मिळाल्या. १९९५ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी ३ टक्के जागा ठेवल्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं त्या ४ टक्के केल्या आणि दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. तरी जागा असणं आणि ती मिळणं यांत अंतर असतं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्या शिकल्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत २०१६ मध्ये त्या उत्तीर्ण झाल्या, रेल्वेच्या लेखा सेवेत नाव आलं आणि दृष्टी नाही म्हणून ती नेमणूक नाकारली गेली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला आणि भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या.

संगणक आल्यावर आता ब्रेल कशाला हवी, असं मला बरेच जण विचारतात. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, ते ऐकलं की झालं. ते सॉफ्टवेअर खरोखरच मोठी सोय आहे आणि हजारो लोक त्यावर नोकऱ्या करतात. पण जरा आठवून पाहा, बार्बियेच्या पद्धतीत लुईला काय खटकलं होतं? ती फक्त उच्चार सांगत होती. ऐकून शब्द कळतो, त्यातली वेलांटी कळत नाही. माझ्या टीममधला एक सहकारी पूर्ण अंध आहे. तो ईमेल कानांनी वाचतो, माझ्या कानांना कळणार नाही इतक्या वेगानं. प्रोग्रॅम लिहायला बसला की मात्र कीबोर्डपुढचा ब्रेल पट्टा वापरतो. पट्ट्यातल्या बारीक टाचण्या वर-खाली होतात आणि ओळ बोटांखाली उमटते. प्रोग्रॅममध्ये एक कंस किंवा एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर सगळं अडतं, आणि तो कंस त्याला बोटांनी पाहायचा असतो. आमच्या टीममध्ये त्याच्या कामात सर्वांत कमी चुका निघतात.

आपल्यापुरतं

आपल्या बॅचनं शाळेला संगणक कक्ष द्यायचं ठरवलं आहे, म्हणून शेवटी तीन सूचना. कक्षातल्या प्रत्येक संगणकावर एनव्हीडीए हे बोलणारं सॉफ्टवेअर टाकू या. ते मोफत मिळतं, मराठीही वाचतं आणि ते विकसित करायला सुरुवात केली ती ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी. दुसरं, आपल्या भागात दर मार्चला लेखनिकांची चणचण असते. शाळेत आठवी-नववीच्या मुलांची यादी तयार ठेवायची आणि त्यांना आधी थोडं शिकवायचं, हे काम मी घ्यायला तयार आहे. सोबत कोण येणार ते कळवा. तिसरं, आपल्यापैकी जे आज नोकरी देण्याच्या जागी आहेत, त्यांनी पुढच्या भरतीची जाहिरात काढताना एकदा थांबून बघावं की या कामाला डोळे खरोखर लागतात की आपण नुसते सवयीनं मागतो.

आणि शाळेच्या ग्रंथालयात एक ब्रेल पाटी आणि टोचणी ठेवू या. लिहायची तऱ्हा मजेदार आहे: कागद उलटा, उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि पान फिरवलं की डावीकडून उजवीकडे वाचायचं. आताच्या मुलांनी आपापलं नाव त्यावर एकदा लिहून पाहावं. आपल्या संमेलनाच्या दिवशी आपणही पाहू या.